मैदानातलं डबकं बुजवायचं की ठेवायचं: शाळेतल्या मुलांच्या बेडूक-नोंदींचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पायथ्याशी एक माध्यमिक शाळा आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, का ते पुढे कळेल. मैदान मोठं आहे पण उताराचं, त्यामुळे जूनमधले पहिले दोन-चार दमदार पाऊस झाले की खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत आटून जातं. सगळ्यात खोल जागी जेमतेम गुडघाभर. गावात त्याला तळं वगैरे कोणी म्हणत नाही, डबकंच म्हणतात.

आता या डबक्यात मासे नाहीत, आणि बेडकांच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी गोष्ट. बारमाही तळ्यात मासे अंडी आणि टॅडपोल, म्हणजे बेडकाची पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, फस्त करतात, दरवर्षी आटणाऱ्या पाण्यात ते टिकतच नाहीत, म्हणून बेडकांच्या कितीतरी जाती असं तात्पुरतंच पाणी पसंत करतात. बदल्यात जोखीम एवढीच की पाणी आटायच्या आत पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडली पाहिजेत. हे गणित डोक्यात ठेवा, पुढचं सगळं प्रकरण याच्यावरच फिरतंय.

विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या वर्गाला प्रकल्प म्हणून या कोपऱ्यातल्या बेडकांची नोंद ठेवायला लावली होती. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो आणि मुलांनी फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेले आवाज ओळखून द्यायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे अर्धंअधिक प्रकरण मी कानाने पाहिलं म्हणा, मीटिंगांना मात्र समोर बसलो होतो.

अडचण

पहिल्या पावसाळ्यात शाळा समितीच्या मीटिंगमध्ये विषय आला की मैदानाचा खालचा कोपरा मुरूम टाकून सपाट करायचा. कारणं दोन, एक म्हणजे चार महिने तिथे खेळता येत नाही, आणि दुसरं डास. त्या वर्षी गावात डेंग्यूचे पेशंट निघाले होते, पालक घाबरलेले होते आणि कुणीही बोट दाखवलं की ते डबक्याकडेच. हे मी चेष्टेने लिहीत नाहीये, ज्यांच्या घरात पोर तापाने फणफणलंय त्यांना तुम्ही बेडकांचं महत्त्व सांगायला गेलात तर ते ऐकणार नाहीत आणि त्यांचं काही चुकतही नाही.

बाईंनी मुलांच्या वतीने एकच मागणी केली, हा पावसाळा पूर्ण जाऊ द्या, नोंदी पूर्ण करू द्या, मग ठरवा. हेडसरांनी ती मान्य केली, अर्थात तसंही पावसात जेसीबी त्या चिखलात उतरणारच नव्हता.

पहिला निर्णय: मोजायचं कसं

मुलांना बेडूक पकडायचे होते, साहजिकच. पकडून, मोजून, बाटलीत ठेवून वर्गात आणून दाखवायचे. बाईंनी हे पहिल्याच दिवशी बंद केलं आणि मला तो या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. बेडकाची कातडी आपल्यासारखी नसते, तो कातडीतून पाणी घेतो, काही प्रमाणात श्वासही घेतो, त्यामुळे हाताला लावलेलं सॅनिटायझर, डासांचं क्रीम, साबण, जे असेल ते थेट त्याच्या अंगात जाऊ शकतं. शिवाय कायट्रिड बुरशीचा प्रश्न आहे. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी वर्णन केलेली ही बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते, जगभरात अनेक जाती तिच्यामुळे कमी झाल्या किंवा संपल्या आणि पश्चिम घाटातल्या बेडकांवरही तिची नोंद झालेली आहे. एका पाण्यातला चिखल बुटाला लागून दुसऱ्या पाण्यात जाणं एवढंही पसरायला पुरतं. म्हणून नियम ठरला की हात लावायचा नाही, फोटो काढायचा, आवाज घ्यायचा, आणि जो ओढ्यावरून किंवा शेतातून येईल त्याने बूट घासून धुऊन वाळवल्याशिवाय डबक्याकडे जायचं नाही.

मग मोजायचं काय? आकडा लिहायला लावला असता तर एकाने वीस लिहिले असते आणि शेजारच्याने दोनशे. त्याऐवजी उत्तर अमेरिकेतल्या बेडूक-गणनांमध्ये वापरतात ती शून्य ते तीनची पट्टी घेतली. आवाजच नाही तर शून्य, एकेक बेडूक वेगळा मोजता येतो तर एक, आवाज एकमेकांवर चढतात पण अजून वेगळे ओळखू येतात तर दोन, आणि सगळा एकच गोंगाट झाला तर तीन. प्रत्येक जातीला वेगळा आकडा. सोबत तारीख, वेळ, पाऊस पडून किती वेळ झाला आणि पाण्याची खोली. खोलीसाठी एका काठीवर रंगाने खुणा करून ती मधोमध रोवली होती, तिच्याकडे लांबून बघून आकडा लिहायचा.

रात्रीचं काय, हा प्रश्न मात्र सुटायला वेळ लागला. बेडूक ओरडतात अंधार पडल्यावर, आणि जिथे बेडूक ओरडतात तिथे दिवड येतो, घोणस आणि मण्यारही असतात. पालकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. शेवटी तोडगा असा निघाला की ज्यांची घरं मैदानाला लागून आहेत त्या मुलांनी घरातल्या मोठ्या माणसासोबत कंपाउंडच्या आतल्या फरशीवर उभं राहून पाच मिनिटं रेकॉर्डिंग करायचं, पाण्यात कोणीही उतरायचं नाही, आणि बाकीच्यांनी सकाळी शाळा भरायच्या आधी अंडी आणि टॅडपोल बघायचे. पायाला जखम असेल तर त्या पाण्याच्या जवळपासही नको, लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती असते.

पहिल्या हंगामात काय दिसलं

एवढ्याशा डबक्यात काय असणार असं समितीला वाटत होतं. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बुलफ्रॉग आले, नर हळदीसारखे पिवळेधमक आणि गळ्याला दोन्ही बाजूंनी निळे फुगे, त्या एक-दोन रात्रींतच त्यांचा बहुतेक कारभार उरकतो. मग भेक, म्हणजे अंगावर चामखिळी असलेला आपला नेहमीचा टोड, त्याच्या अंड्यांच्या लांबच लांब काळ्या माळा गवतात गुंतलेल्या. क्रिकेट फ्रॉग, म्हणजे टिकटिक आवाज करणारा छोटा बेडूक, तर सगळा हंगामभर. मायक्रोहायला नावाचा नखाएवढा बेडूक होता, त्याचा आवाज कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा आणि अंगाच्या मानाने प्रचंड मोठा, मुलांना पहिले कित्येक दिवस पटतच नव्हतं की हा एवढ्याशा जिवाचा आवाज आहे.

आणि झाडबेडूक. डबक्याच्या कडेला झुडपं होती, त्यांच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर पांढऱ्या फेसाचे गोळे दिसायला लागले तेव्हा मुलांना वाटलं कुणीतरी साबणाचं पाणी फेकलंय. झाडबेडकाची मादी अंडी घालताना मागच्या पायांनी घुसळून तो फेस करते, आतली अंडी ओलसर राहतात, काही दिवसांनी पिल्लं फेसातून सुटून खाली पाण्यात पडतात. एका मुलीने रोज त्याच फांदीचा त्याच जागेवरून फोटो काढला होता. फेस आधी ओला पांढरा, मग पिवळट, बाहेरून पापुद्रा धरलेला, मग खालच्या बाजूने पातळ होऊन गळायला लागलेला, आणि शेवटच्या फोटोत पापुद्र्याखाली लोंबणारे काळे ठिपके. पुढे समितीसमोर सगळ्यात जास्त काम याच फोटोंनी केलं.

नोंदवहीत एक गोम मात्र पहिल्या महिन्यातच दिसली. ज्या रात्री काही ऐकू आलं नाही त्या रात्रीचं पानच नव्हतं. "काही नव्हतंच तर लिहिणार काय बाई?" असं एकाने विचारलं. पण शून्य लिहिलं नाही तर तो माणूस तिथे उभा राहिला आणि शांतता होती, की तो गेलाच नाही, हे नंतर कुणालाच कळत नाही. बाईंनी मग शून्याच्या पानावरही सही द्यायला सुरुवात केली.

मधेच आलेला प्रसंग: व्हिडिओ

पिवळ्या बुलफ्रॉगचा व्हिडिओ एका मुलाने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, शाळेच्या नावासकट. दुसऱ्या रात्री बॅटऱ्या आणि पोती घेऊन चार-पाच माणसं मैदानात. खायला पकडतात, हे काही गुपित नाही. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात व्हायची, ती १९८७ मध्ये बंद झाली, पण स्थानिक पातळीवर पावसाळ्याच्या सुरुवातीला पकडापकडी होतेच आणि ती नेमकी प्रजननाच्या रात्री होते.

इथे तीन मतं होती. पोलिसांत जायचं, गप्प बसायचं, किंवा वनरक्षकांना सांगायचं. पकडणारे गावातलेच होते, एकजण तर आमच्याच नोंदी घेणाऱ्या पोराचा काका. बाईंनी वनरक्षकांना बोलावलं पण तक्रार द्यायला नाही, वर्गात येऊन कायदा काय म्हणतो ते मुलांना आणि पालकांना समजावून सांगायला. काकांपर्यंत निरोप पोहोचला आणि चारचौघात कुणाची मान खाली गेली नाही. मला विचाराल तर हे कायद्याच्या भाषेत थोडं मऊच झालं, पण गावात राहून तेच चाललं. त्यानंतर नियम झाला की फोटो-व्हिडिओ हंगाम संपल्यावरच बाहेर जाणार आणि जागेचं नाव कधीच नाही. इथे गावाचं नाव नाही ते त्यामुळेच.

ऑगस्टचा खंड

ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली आणि काठीवरचं पाणी रोज खाली यायला लागलं. डबकं दोन-तीन थाळ्यांएवढ्या चिखलात वाटलं गेलं आणि त्यात टॅडपोल खच्चून भरलेले, वरून बगळे. मुलांनी बोअरचं पाणी सोडायची परवानगी मागितली. बाई नाही म्हणाल्या, कारण मग पुढच्या सगळ्या नोंदी या डबक्याच्या नाही तर बोअरच्या झाल्या असत्या, आणि पाणी आटणं हा या जागेचा स्वभावच आहे. मुलं चिडली. काही मुलींनी संध्याकाळी गुपचूप बादल्या ओतल्याच, आणि नंतर स्वतःहून वहीत तशी नोंदही केली, किती बादल्या ते सुद्धा. यावर बाई रागावल्या नाहीत. मलाही वाटतं शास्त्र म्हणून बाई बरोबर होत्या, पण नववीच्या मुलीने डोळ्यांसमोर पिल्लं सुकताना बघून काहीच करू नये ही अपेक्षा जरा जास्तच आहे, आणि बादली ओतून ती वहीत लिहिली म्हणजे नोंद तर वाचलीच ना.

पर्याय काय होते

पावसाळा संपल्यावर समितीपुढे चार गोष्टी आल्या.

पूर्ण भराव टाकायचा आणि टॅडपोल उचलून गावतळ्यात सोडायचे, हे समितीतल्या बहुतेकांना आवडलेलं, कारण त्यात मैदानही मिळत होतं आणि बेडूकही "वाचत" होते. पण गावतळ्यात मासे आहेत, म्हणजे ते माशांना खाऊ घालणंच झालं असतं, आणि रोगाची ने-आण वेगळीच.

दुसरा पर्याय गप्पी किंवा गंबुशिया मासे सोडण्याचा. हे आरोग्य खात्याकडून सहज मिळतात म्हणून सगळ्यांच्या तोंडी होतं. गंबुशिया मूळचा अमेरिकेतला, जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे आणि डासांच्या अळ्यांसोबत तो बेडकांची अंडी-पिल्लंही खातो. त्यात डबकं आटणारं, दरवर्षी मासे मरणार आणि दरवर्षी नवे आणायचे.

तिसरा, काहीच न करणं. आमच्यातल्या काहींना हेच हवं होतं पण ते टिकणारं नव्हतं, पुढच्या डेंग्यूच्या पेशंटबरोबर विषय परत आला असता आणि तेव्हा कोणी विचारत बसलं नसतं.

चौथा पर्याय वरचा अर्धा भाग भरून घ्यायचा, खालचा खोल भाग आणि कडेची झुडपं ठेवायची, हा मुलांनीच मांडला. काठीच्या आकड्यांवरून त्यांना माहीत होतं की वरचा उथळ भाग पावसात जरा खंड पडला की लगेच कोरडा होतो, तिथली पिल्लं वाचतच नाहीत. टॅडपोलला बाहेर पडायला जातीप्रमाणे साधारण महिना-दीड महिना सलग पाणी लागतं आणि तेवढं पाणी फक्त खालच्या भागात टिकत होतं.

डासांचं उत्तर मात्र बेडकांच्या नोंदीतून मिळणार नव्हतं. म्हणून आरोग्य सेवकांना बोलावलं. त्यांनी मुलांना पळीने पाणी काढून अळ्या बघायला शिकवलं आणि मुलांनी सगळी शाळा धुंडाळली. डबक्यात अळ्या तुरळक. किचनच्या मागे टाकलेले टायर, गळक्या टाकीखालची बादली, स्लॅबवर साचलेलं पाणी, तिथे मात्र वळवळाट. डेंग्यूचा एडिस डास असल्याच भांड्यांत, टायरांत अंडी घालतो हे आरोग्य सेवक आधीपासून ओरडून सांगत होते, फरक इतकाच की आता ते स्वतःच्या पोरांनी पळीत दाखवलं. बेडूक डास खातात म्हणून डबकं ठेवा असा युक्तिवाद मांडायचा मोह काही मुलांना झाला होता. प्रयोगशाळेत टॅडपोलनी डासांची अंडी खाल्ल्याचे प्रयोग झालेत, पण त्यावरून गावातला डेंग्यू कमी होतो असं म्हणता येत नाही, आणि समितीत कुणी उलटा प्रश्न विचारला असता तर सगळंच कोसळलं असतं. ते वाक्य काढून टाकलं हे बरं झालं.

काय केलं

ठराव झाला की मे महिन्यात, डबकं कोरडं ठणठणीत असताना, वरचा अर्धा भाग भरायचा, खालचा ठेवायचा, टायर हटवायचे, टाकी दुरुस्त करायची, आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून सुकवायची. शिवाय एक छोटं पण कामाचं कलम, पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत त्या बाजूला कवायत किंवा खेळ नाही. त्या दिवसांत मायक्रोहायलाची तांदळाएवढी पिल्लं गवतात एवढी असतात की पाऊल टाकायला जागा नसते.

काय झालं

भराव वेळेत झाला. पण जेसीबीवाल्याने काम नीटनेटकं दिसावं म्हणून कडेची झुडपंही साफ केली. ठरावात "डबक्याचा खालचा भाग" असं लिहिलं होतं, झुडपांचा शब्द नव्हता, मीटिंगमध्ये सगळ्यांनी तोंडी मान्य केलं होतं तेवढंच. त्या दिवशी शाळेला सुट्टी, बाई गावाला.

दुसऱ्या पावसाळ्यात बुलफ्रॉग आले, भेक आले, मायक्रोहायला जोरात. फेसाचं घरटं एकही दिसलं नाही. झाडबेडकाचा आवाज कधीमधी यायचा, पण अंडी घालायला पाण्यावर झुकलेलं काही उरलंच नव्हतं.

आणि क्रिकेट फ्रॉगच्या नोंदी धाडकन खाली आल्या, जिथे पहिल्या वर्षी दोन-तीन असायचं तिथे शून्य आणि एक. मुलांनी लगेच तक्ता करून भरावामुळे बेडूक कमी झाले असा बोर्ड बनवला, तो प्रदर्शनात जाणार होता. माझ्याकडे दोन्ही वर्षांची रेकॉर्डिंग होती म्हणून ऐकत बसलो, तर दुसऱ्या वर्षीच्या ज्या रात्री वहीत शून्य होतं त्यातल्या बऱ्याच रात्री क्रिकेट फ्रॉग व्यवस्थित ओरडत होते. झालं असं की कान तयार झालेली पोरं दहावीत गेली, क्लासमुळे त्यांनी काम सोडलं, आणि नव्या नववीला तो टिकटिकाट रातकिड्यांचा वाटला. बेडूक तिथेच होते, ऐकणारे बदलले होते.

आता बोर्डाचं काय करायचं? काही मुलांचं म्हणणं होतं की ठेवू या, झुडपं तोडल्याचा राग समितीला कळू दे. बाईंनी जुन्या आणि नव्या मुलांना एकत्र बसवून रेकॉर्डिंग परत ऐकायला लावली, जात ओळखून आकडे नव्याने लावले, आणि बोर्डावर क्रिकेट फ्रॉगऐवजी फक्त झाडबेडकाची गोष्ट राहिली, जिला फोटोंचा आधार होता. समितीने झुडपांची चूक मान्य केली, नवी लावली, पण फांद्या पाण्यावर झुकायला काही वर्षं जाणार. मधल्या काळात मुलांनी बांबू रोवून त्यावर वाळल्या फांद्या आडव्या बांधल्या, त्यावर एक फेसाचा गोळा दिसला, एकच.

काय वेगळं करता आलं असतं

तोंडी ठरलेली प्रत्येक गोष्ट जमिनीवर दिसायला हवी होती. मैदान आखायला शाळेत फक्की असतेच, जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी झुडपांभोवती फक्कीची रेघ आणि पाच मिनिटं ड्रायव्हरशी बोलणं, एवढंच लागलं असतं. आणि त्या दिवशी कोणीतरी एक जबाबदार माणूस तिथे हवाच.

निघणाऱ्या बॅचने येणाऱ्या बॅचला मे-जूनमध्ये जुनी रेकॉर्डिंग ऐकवून तयार करायला हवं होतं. आता तसं करतात, नव्या मुलाला आधी नाव न सांगता ऐकवलेल्या दहा आवाजांची परीक्षा द्यावी लागते आणि नापास झाला तर तो जातीच्या नावाऐवजी फक्त रेकॉर्डिंग जमा करतो, नाव नंतर कोणीतरी लावतो. रेकॉर्डिंग असल्याशिवाय नुसता आकडा वहीत चढवत नाहीत.

आरोग्य सेवकांना उशिरा बोलावलं असंही मला वाटतं. डासांचा मुद्दा जूनमध्येच तपासला असता तर चार महिने डबक्यावरून जो तणाव होता तो झालाच नसता आणि टायरही चार महिने आधी हलले असते.

२०२३ साली जाहीर झालेल्या जागतिक आढाव्यात उभयचरांच्या साधारण ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचं निघालं, हा आकडा मुलांनी बोर्डावर सगळ्यात वर लिहिला होता. बाईंनी तो खाली घ्यायला लावला, कारण या डबक्यातल्या जाती बहुतेक सर्रास आढळणाऱ्याच आहेत आणि वरचा आकडा वाचून कोणी ते नामशेष होताहेत असं समजलं असतं. यावर माझं आणि बाईंचं अजून पटलेलं नाही, मला वाटतं सर्रास आढळतात तोवरच मोजायला पाहिजेत, नंतर तुलना करणार कशाशी. सध्या प्रश्न वेगळाच आहे, भरावावरचा मुरूम दर पावसात वाहून खालच्या भागात येतोय, काठीवरच्या खुणा खालून बुजायला लागल्यात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो गाळ काढायचा की बांध घालायचा यावर समितीची मीटिंग लागलीय.